घरी संगणक जुळवताना प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची जोडी कशी निवडावी

इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाचे सुटे भाग घ्यायला गेले की पहिला प्रश्न बजेटचा येतो आणि दुसरा येतो, ‘आय फाइव लेंगे या आय सेवन?’ मदरबोर्डाचे नाव या संभाषणात फार उशिरा निघते, आणि निघते तेव्हा ‘जो इसके साथ चलता है, वो लगा देंगे’ एवढ्यावर ते संपते. रामबाग आणि सुदामानगर भागांतल्या ओळखीच्या घरांसाठी काही वर्षे संगणक जुळवून देत आल्यावर माझे असे मत झाले आहे की, पुढे निघणारी बहुतेक दुखणी एकट्या प्रोसेसरची नसतात, ती विजोड जोडीची असतात. म्हणून हे दोन भाग घरीच, एकाच कागदावर आणि एकाच वेळी ठरवावेत, आणि दुकानात जाताना दोघांची पूर्ण नावे लिहून न्यावीत.

कागदावर पहिली ओळ कामाची असावी. मुलांचा अभ्यास, ब्राउझर, टॅली, पत्रव्यवहार आणि चित्रपट एवढेच काम असेल, तर चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आजचा प्रोसेसर पुरून उरतो आणि वाचलेला पैसा एसएसडी व रॅमवर घालणे जास्त शहाणपणाचे ठरते. ऑटोकॅडसारख्या आरेखनाच्या कामात बहुतेक भार एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे तेथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो. उलट ब्लेंडरमधले रेंडरिंग किंवा मोठ्या प्रोग्रॅमचे कंपायलिंग मिळतील तेवढे सगळे कोअर कामाला लावते. खेळांच्या बाबतीत मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो. सहा कोअरचा बरा प्रोसेसर घेऊन उरलेले पैसे कार्डासाठी ठेवावेत. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी की, इंटेलच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते आणि मोबाइलवर काढलेले व्हिडिओ उलगडताना तिचा चांगला उपयोग होतो.

यानंतर नाव वाचायला शिकावे, कारण फसवणूक बहुधा नावातच होते. ‘आय५’ हे काही प्रोसेसरचे पूर्ण नाव नव्हे. कोअर आय५ १२४०० या नावातील पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि पुढचे तीन त्या पिढीतले स्थान. बाजारात अगदी कमी किमतीत ‘आय फाइव कंप्यूटर’ म्हणून जे खोके विकले जाते, त्याच्या आत अनेकदा आय५ ३४७० असतो, म्हणजे २०१२ सालचा, चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) असलेला तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, आणि त्याच्याखाली एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या सोयी सांभाळणारी चिप) कोणत्या तरी अनोळखी नावाचा नवा बोर्ड. बाराव्या पिढीचा कोअर आय३ १२१०० चार कोअर आणि आठ थ्रेडचा असून त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे असा संगणक नवा घेतला तरी घरी येताना तो म्हाताराच असतो. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या नावांतही खाचखळगे आहेत. रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० ही भावंडे वाटतात, पण ५५००मध्ये तिसऱ्या पातळीचा कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड व एसएसडी यांना जोडणारी वाट) तिसऱ्या आवृत्तीची असते, तर ५६००मध्ये ३२ एमबी आणि चौथी आवृत्ती. भावात फरक किरकोळ असेल तर ५५०० घेण्यात अर्थ नाही.

नावाच्या शेवटच्या अक्षराला तर सर्वांत जास्त मान द्यावा. आमच्या आत्याच्या मुलाने एकदा सगळे भाग स्वतःच आणले, रविवारी सकाळी जुळवले आणि दुपारी मला फोन केला की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. मी गेलो, रॅम काढून पुन्हा बसवली, केबल बदलली, दुसरा मॉनिटर लावून पाहिला. तासाभराने टेबलाखाली पडलेला प्रोसेसरचा खोका हातात घेतला आणि त्यावर १२४०० च्या पुढचे एफ हे अक्षर दिसले. इंटेलच्या नावात एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. बोर्डावर एचडीएमआयचे तोंड असले तरी त्याला चित्र पुरवणारे मागे कोणी नसते. आत्या बिचारी चहाचा ट्रे घेऊन दोनदा येऊन गेली होती आणि ‘बिघडलं का रे काही?’ एवढेच विचारत होती. बिघडले काहीच नव्हते, पण सील फोडलेला खोका दुकानदाराने परत घेतला नाही, आणि एफ घेऊन वाचवलेल्या पैशांहून जास्त रक्कम जुन्या ग्राफिक्स कार्डावर गेली. एएमडीच्या एएम४ मालिकेत (एएम४ हे सॉकेटाचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचे नाव) नेमके उलटे आहे: तेथे नावाच्या शेवटी जी असेल तरच ग्राफिक्स असते, म्हणजे ५६००जीमध्ये आहे, ५६००मध्ये नाही. रायझन ७०००च्या मालिकेत मात्र पडद्यापुरते छोटे ग्राफिक्स बहुतेकांत दिलेले आहे आणि ७५००एफसारख्या नावांत ते वगळलेले आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नक्की घेणार असलात तरी, कार्ड बिघडले असता संगणक चालू ठेवता यावा म्हणून, मी स्वतः अंगभूत ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घेतो.

आता सॉकेट, आणि येथे थोडे थांबावे लागेल, कारण सॉकेट निवडताना आपण आजचा प्रोसेसर तर निवडतोच, पण चार वर्षांनी बसवता येईल असा प्रोसेसरही निवडत असतो. २०१७ साली एएम४ सॉकेटचा बी३५० बोर्ड ज्याने घेतला, त्याला बायोस (बोर्डात साठवलेला, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) अद्ययावत करून त्याच बोर्डावर २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. त्याच काळात इंटेलकडे एलजीए ११५१, मग १२०० आणि मग १७०० असे सॉकेट बदलत गेले आणि दर बदलाला नवा बोर्ड घ्यावा लागला. आज दुकानात प्रामुख्याने चार सॉकेटचे बोर्ड दिसतात. एएम४चा प्रवास संपत आलेला आहे. त्यावर डीडीआर४ या जुन्या पिढीची रॅम चालते आणि घरी जुनी डीडीआर४ पडलेली असेल तर तो अजूनही किफायतशीर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला एएम५ फक्त डीडीआर५ घेतो आणि त्याला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ, असे एएमडीने जाहीर केलेले आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते. आज आय३ घेऊन काही वर्षांनी वापरलेला आय५ घालण्याची सोय आहे, पण त्यापुढचा रस्ता बंद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर आलेला एलजीए १८५१ही फक्त डीडीआर५चा आहे. संगणक घेतला की आठ वर्षे न उघडणाऱ्या घरासाठी एलजीए १७०० पुरेसा आहे. ज्याला मधून मधून भाग बदलण्याची हौस किंवा गरज आहे, त्याने थोडे जास्त मोजून एएम५ घ्यावा, असे माझे मत आहे.

एलजीए १७०० घेताना एक सापळा असतो. या सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४चे असतात आणि काही डीडीआर५चे, आणि बोर्डाचे बाकीचे नाव सारखेच असून शेवटी डी४ एवढाच फरक असू शकतो. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची पट्टी बसतच नाही, हे एका अर्थी बरेच. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे बोर्ड स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानण्यापूर्वी त्यात बसणाऱ्या रॅमचा त्या दिवसाचा भाव बेरजेत धरावा. शक्यतो एकच मोठी पट्टी न घेता सारख्या क्षमतेच्या दोन घ्याव्यात, कारण दोन पट्ट्यांमुळे रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा (चॅनेल) वापरल्या जातात आणि अंगभूत ग्राफिक्सवर तर हा फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या लावाव्यात.

चिपसेट म्हणजे बोर्डाचा दर्जा नव्हे, तर बोर्डावर कोणत्या सोयींना परवानगी आहे याची यादी होय. एलजीए १७०० साठी एच६१० हा सर्वांत खालचा. त्यावर साधारणतः रॅमच्या दोनच खाचा असतात, रॅमचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेता येत नाही आणि एम.२, म्हणजे बोर्डावरच थेट बसणारी, एसएसडी पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या आवृत्तीच्या वेगाने चालते. घरगुती कामात या शेवटच्या गोष्टीने काहीही बिघडत नाही. बी६६० आणि बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, खाचा जास्त मिळतात, आणि माझ्या मते बहुतेक घरांनी येथेच थांबावे. झेड६९० आणि झेड७९० हे प्रोसेसरचा वेग हाताने वाढवणाऱ्यांसाठी आहेत आणि त्यांचा खरा उपयोग नावात के असलेल्या प्रोसेसरबरोबरच होतो. के नसलेला प्रोसेसर झेड बोर्डावर बसवणे म्हणजे दुचाकीसाठी ट्रकचे गॅरेज बांधण्यासारखे आहे. एएमडीकडे एएम४ साठी ए५२० आणि बी५५०, एएम५ साठी ए६२० आणि बी६५० किंवा बी८५० असा क्रम आहे. ए मालिकेत प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही, बी मालिकेत येतो. येथे एक तपशील सांगण्याजोगा आहे: ए५२० वर ग्राफिक्स कार्डाची खाच तिसऱ्या आवृत्तीची असते, आणि ५६००जी प्रोसेसर घातला तर बी५५० वरही ती तिसऱ्याच आवृत्तीने चालते. आरएक्स ६५०० एक्सटीसारखे पीसीआय एक्सप्रेसच्या केवळ चार लेन (मार्गिका) वापरणारे कार्ड तेथे लावले तर त्याचा दम निम्म्या वाटेतच सुटतो.

चिपसेट एकच असूनही दोन बोर्डांच्या किमतीत बरेच अंतर का असते, याचे उत्तर प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या भागात मिळते. वीजपुरवठ्याकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक व्होल्टच्या आसपास उतरवण्याचे काम तेथली व्हीआरएम मंडळी करतात आणि ते करताना तापतात. आय५ १२४००च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असते, पण पूर्ण भाराखाली इंटेलची मर्यादा ११७ वॅटची आहे; आय३ १२१००ची ८९ वॅटची. अनेक आय७ आणि आय९ दोनशे वॅटांच्या वर सहज जातात. व्हीआरएमवर उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे हीटसिंकही नसलेल्या स्वस्त एच६१० बोर्डावर आय७ बसतो, सुरू होतो, दुकानात पाच मिनिटे छान चालतो आणि घरी अर्ध्या तासाच्या कामानंतर वेग टाकतो, कारण बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी त्याला पुरेशी वीज देत नाही. परदेशी परीक्षणांत हे कमी जाणवते, कारण ती बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. माळव्याच्या रात्री कितीही नावाजलेल्या असल्या तरी मे महिन्याची दुपार माळव्याचीच असते आणि इंदूरचा पारा तेव्हा चाळिशी ओलांडतो. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही; बावीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर राहतो, तो चाळीस अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८८च्या आसपास पोहोचतो. इंटेलचे हे प्रोसेसर १०० अंशांना आणि रायझन ७०००चे बहुतेक ९५ अंशांना स्वतःचा वेग कमी करतात, म्हणजे उन्हाळ्यात हाताशी उरणारी सवलत फारच थोडी. म्हणून वातानुकूलन नसलेल्या खोलीसाठी ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर आणि व्हीआरएमवर किमान एक धड हीटसिंक असलेला बोर्ड ही जोडी मी सुचवतो, आणि खोक्यातल्या कूलरऐवजी चार तांब्याच्या नळ्यांचा साधा टॉवर कूलर घेण्याचा आग्रह धरतो.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांबद्दल आणखी एक सावधगिरी. त्यांतील काहींना जास्त व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, इंटेलने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती पुढची हानी टाळते, झालेली भरून काढत नाही. तेव्हा वापरलेला आय७ किंवा आय९ कितीही आकर्षक भावात मिळाला तरी सोडून द्यावा, आणि नवा घेतला तर पहिल्याच दिवशी बायोस अद्ययावत करावा.

बायोसचा प्रश्न एवढ्यापुरता नाही. सॉकेट जुळले म्हणजे बोर्ड प्रोसेसरला ओळखेलच असे नसते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एच६१० किंवा बी६६० बोर्डांचा जुना साठा चौदाव्या पिढीला ओळखत नाही, आणि बी६५०चे सुरुवातीचे बोर्ड रायझन ९००० पाहून गप्प बसतात. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ती पाहून घ्यावी आणि दुकानदाराकडून अद्ययावत करून मागावा. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तमच, कारण मग प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून हे काम घरी होते.

बोर्डाचा आकार केबिनेटप्रमाणे घ्यावा: एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मायक्रो एटीएक्स स्वस्त आणि पुरेसा असतो, त्यावर अधिक बोलण्यासारखे नाही. मागच्या पट्टीचा फोटो मात्र नीट पाहावा. यूएसबीची तोंडे मोजावीत. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, वेबकॅम आणि पेनड्राइव्ह एवढ्यातच पाच संपतात. जुना व्हीजीए मॉनिटर वापरायचा असेल तर ते तोंड आहे का, हे पाहावे. राऊटर तळमजल्यावर आणि संगणक माडीवर असेल तर वाय-फाय असलेला बोर्ड घेतलेला बरा; जुन्या इंदुरी घरांच्या जाड भिंतींतून सिग्नल कसाबसा वर येतो, तरी केबलसाठी भिंत फोडण्यापेक्षा ते परवडते.

पैशांचा मेळ कसा बसवावा? माझा ठोकताळा असा की, बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या किमतीच्या निम्म्याहून फार खाली जाऊ नये, आणि बरोबरीपेक्षा वर जाण्याचे सहसा कारण नसते. अभ्यास आणि कार्यालयीन कामासाठी आय३ १२१०० आणि चांगल्या कंपनीचा एच६१०. मिश्र कामासाठी आय५ १२४०० आणि बी७६०. ग्राफिक्स कार्डासह खेळ किंवा पुढे वाढवत नेण्याचा संगणक हवा असेल तर रायझन ५ ७६०० आणि बी६५०. या तीन जोड्यांत बहुतेक घरांचे काम भागते. दुकानदार वरचा प्रोसेसर आणि खालचा बोर्ड अशी अदलाबदल सुचवील, कारण गिऱ्हाईक कौतुकाने सांगते ते प्रोसेसरचे नाव. तेथे ठाम राहावे.

खरेदीच्या वेळी सीलबंद खोक्यातलाच प्रोसेसर मागावा. अशा प्रोसेसरवर इंटेल आणि एएमडी दोघेही तीन वर्षांची वॉरंटी देतात, तर सुट्या, ट्रेमधून आलेल्या प्रोसेसरची जबाबदारी बहुधा विक्रेत्यापुरतीच राहते. बिल जीएसटीचेच घ्यावे आणि त्यावर प्रोसेसर आणि बोर्ड दोघांचेही अनुक्रमांक लिहून घ्यावेत. एलजीए प्रकारात, आणि एएम५ही त्यातच मोडतो, पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटात असतात. त्यामुळे काउंटर सोडण्यापूर्वी बोर्डाचे काळे झाकण उचलून, मोबाइलचा दिवा तिरपा धरून पिनांच्या रांगा पाहाव्यात. सरळ पिना शेतातल्या सऱ्यांसारख्या एका दिशेने चमकतात. एखादी वाकलेली असेल तर त्या चमकेत काळा ठिपका दिसतो. घरी गेल्यावर दाखवलेली वाकडी पिन कोणीही वॉरंटीत धरत नाही. ते झाकणही जपून ठेवावे, वॉरंटीसाठी बोर्ड परत देताना ते मागितले जाते.

जुळवताना सगळे एकदम केबिनेटमध्ये घालू नये. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवावा, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटावरच्या त्रिकोणाशी जुळवून तो वरून अलगद सोडावा, दाबू नये. तरफ खाली आणताना करकर आवाज येतो आणि बराच जोर लागतो. पहिल्यांदा छातीत धस्स होते, पण ते तसेच असते. एएम४वर मात्र पिना प्रोसेसरला असतात, आणि जुना कूलर सरळ वर ओढला तर दोघांमधल्या वाळलेल्या उष्णतावाहक पेस्टमुळे प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो. संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग वीज काढून कूलर डावीउजवीकडे फिरवत सोडवावा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम पट्टी आणि वीजपुरवठ्याच्या दोन्ही केबली, म्हणजे २४ पिनांची मोठी आणि सॉकेटाजवळची ८ पिनांची, एवढेच लावून बोर्डावरच्या पॉवरच्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवावे. आठ पिनांची केबल विसरल्यामुळे ‘बोर्ड मेलेला आला’ अशी तक्रार घेऊन दुकानात परत गेलेले लोक मी पाहिले आहेत; त्यात एकदा मीही होतो.

डीडीआर५च्या बोर्डावर, विशेषतः एएम५वर, पहिल्या वेळी पंखे फिरूनही पडदा काही मिनिटे काळाच राहतो. त्या वेळात बोर्ड रॅमशी वेगाची घडी बसवत असतो. घाबरून वीज बंद केली तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. घड्याळ लावून दहा मिनिटे थांबावे. बायोसचा पडदा आला की त्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, बिलाशी ताडून पाहावे, रॅमचा वेग एक्सएमपी किंवा एक्स्पो ही बायोसमधली सोय चालू करून ठरलेल्या आकड्यावर आणावा, आणि प्रोसेसरचे तापमान काही वेळ पाहत राहावे. खोली चाळीस अंशांची नसेल आणि तरीही रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचा आकडा सत्तरीकडे सरकत असेल, तर कूलरच्या तळाची प्लास्टिकची फीत काढायची राहून गेलेली आहे.